काळ्या पाषाणाच्या पोटात

रस्त्याच्या कडेला पडलेला खडीचा ढीग तुम्ही रोजच पाहता. त्यात थांबून पाहण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. पण तुम्ही सातारा, पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, यांपैकी कोणत्याही भागात राहत असाल, तर उद्या शाळेत जाताना दोन मिनिटे थांबा आणि त्या ढिगातले चारपाच दगड उलटेपालटे करून पाहा. बहुतेक दगड काळे, एकजिनसी आणि काहीसे निरस वाटतील. एखाद्यावर मात्र पांढरे, हिरवट किंवा गुलाबीसर ठिपके दिसतील. कोणी डाळीएवढा, कोणी वाटाण्याएवढा, क्वचित एखादा लिंबाएवढा. नीट निरखले तर एखाद्या ठिपक्याच्या मध्यभागी बारीकशी पोकळी दिसेल आणि तिच्या कडेने सुईच्या अग्राएवढे स्फटिक चमकताना आढळतील.

हे ठिपके म्हणजे दगडाला लागलेला चुना नव्हे की घाण नव्हे. जगातील मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत महाराष्ट्राच्या नावाची चिठ्ठी लावून जे खनिज-नमुने काचेच्या कपाटात ठेवलेले असतात, ते याच ठिपक्यांचे थोरले भाऊबंद होत. हिरा, माणिक, पाचू यांची नावे सर्वांना ठाऊक असतात, कारण त्यांना बाजारात भाव आहे. आपल्या पायाखालच्या या दगडांना तसा भाव नाही आणि म्हणून त्यांच्याकडे पाहायला आपण शिकलेलो नाही. या लेखात तेच थोडेसे शिकू या.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच येऊन थांबला नाही. एक थर पसरे, थंड होई, मग त्यावर दुसरा पसरे. अशा थरांनी बनलेला बेसाल्ट खडक आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेल्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच.

आता सोड्याची बाटली आठवा. बाटली बंद असते तोवर आत बुडबुडे दिसत नाहीत, कारण वायू दाबाखाली पाण्यात विरघळलेला असतो. बूच काढले की दाब कमी होतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. लाव्हारसाचेही तसेच झाले. खोल जमिनीत, प्रचंड दाबाखाली त्यात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू विरघळलेले होते. रस वर येताच ते सुटू लागले. सोड्यातले बुडबुडे पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात. परंतु सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाचा, मधाहूनही कितीतरी घट्ट असा हा रस वरून झपाट्याने गोठत होता. बुडबुडे वर चढले, पण वरच्या कवचाखालीच अडकले आणि त्यांच्याभोवती खडक झाला. म्हणून लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. विहिरी खणणाऱ्या माणसांना हा भेद फार जुना ठाऊक आहे. घट्ट भागाला ते काळा पाषाण म्हणतात, तर ठिपक्यांच्या नरम थराला मांजऱ्या. सुरुंगाला कोणता दगड दाद देतो आणि कोणता नाही, हे त्यांच्याकडून ऐकावे.

बुडबुड्यांच्या या पोकळ्या रिकाम्या राहिल्या असत्या तर आपली गोष्ट येथेच संपली असती. परंतु खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत होते आणि खालचे थर अजून ऊनच होते. गरम पाणी हा मोठा विलक्षण द्रावक आहे. वाळू पाण्यात विरघळत नाही, असे आपण म्हणतो ते आपल्या बादलीतल्या पाण्याबद्दल खरे. शंभर-दोनशे अंशांचे, दाबाखालचे पाणी मात्र बेसाल्टमधील काचेसारखा भाग हळूहळू खाते. त्यातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम अशी द्रव्ये पाण्यात येतात आणि तापमान किंवा पाण्याची घडण बदलली की जवळच्या एखाद्या पोकळीत ती परत जमतात. म्हणजे खडकानेच आपल्या अंगातले काही काढून आपल्याच पोटात साठवले.

यामुळे अशा पोकळीचा छेद वाचता येतो. झाडाच्या खोडाची वर्तुळे मोजताना आपण आतून बाहेर मोजत जातो, कारण खोड बाहेरच्या बाजूने वाढते. पोकळी भरते ती भिंतीकडून आतल्या बाजूस. म्हणून येथे सर्वांत जुने ते बाहेर आणि सर्वांत नवे ते मध्यभागी. पुष्कळदा पहिला लेप हिरव्या मातीसारख्या सेलाडोनाइट या खनिजाचा असतो. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग याच जातीच्या हिरव्या मातीचा आहे. त्या लेपावर अकीक, अकीकावर गारगोटीचे स्फटिक आणि मध्ये जागा उरलीच तर झिओलाइट किंवा कॅल्साइट, असा क्रम बऱ्याच ठिकाणी आढळतो. हा भरणा एका दमात झालेला नाही. मधल्या काही स्फटिकांचे वय मोजले तेव्हा ते भोवतालच्या खडकाहून कोट्यवधी वर्षांनी लहान असल्याचे दिसून आले. तळहातावर मावणाऱ्या दगडात बाहेरच्या थरापासून आतल्या स्फटिकापर्यंत जाताना आपण एवढा काळ ओलांडतो.

प्रथम अकिकाकडे वळू. नर्मदा, तापी, गोदावरी यांच्या पात्रांतल्या गोट्यांत तो सापडतो. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड आणि मळकट. बेसाल्ट झिजून माती झाला, पण हा कठीण गोळा झिजला नाही, आणि नदीने त्याला वाहून आणले. रासायनिक दृष्ट्या तो गारगोटीच, म्हणजे सिलिका. फरक आहे तो घडणीचा. गारगोटीच्या एका स्फटिकात अणूंची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असते. अकिकात केसाहूनही कितीतरी बारीक असे असंख्य स्फटिकतंतू दाटीवाटीने उभे असतात. त्यामुळे गारगोटीतून आरपार दिसते आणि अकिकातून दिसत नाही. आत शिरलेला प्रकाश तंतूंच्या सीमांवर पुन्हा पुन्हा विखुरतो आणि साऱ्या दगडाला धुक्यातल्या दिव्यासारखा मंद उजेड येतो. अकीक पाहायचा तो म्हणूनच प्रकाशाकडे पाठ करून नव्हे, तर दगड प्रकाश आणि डोळा यांच्या मध्ये धरून.

अकीक लाल का होतो, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरच्या परिसरात निघणारा अकीक मुळात पिवळट-तपकिरी असतो. त्यात गोएथाइट हे लोहाचे खनिज सूक्ष्म कणांच्या रूपात असते. (होय, जर्मन कवी गटे याच्याच नावावरून. तो खनिजांचा मोठा शौकीन होता.) खंबायतचे कारागीर हे दगड आधी उन्हात वाळवतात आणि मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि मागे राहते हेमॅटाइट, म्हणजे लाल लोह-ऑक्साइड. गेरूला जो रंग आहे तोच. आच एकदम वाढवली तर दगडातले पाणी वेगाने बाहेर पडू पाहते आणि दगड तडकतो. म्हणून हे काम घाईचे नाही.

हे कसब किती जुने असेल? मेसोपोटेमियातील उर या नगराच्या राजेशाही दफनभूमीचे उत्खनन लेनर्ड वुली याने १९२२ ते १९३४ या काळात केले. तेथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाल अकिकाचे लांबट मणी मिळाले, आणि त्यांतले कितीतरी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांच्या पद्धतीचे आहेत. लोथल येथे तर मणी बनविण्याचा कारखानाच उजेडात आला. लोखंड माहीत नसलेल्या काळात, काचेवर ओरखडा काढणाऱ्या या दगडाला बोटभर लांबीचे सरळ भोक कठीण दगडाच्याच सुळीने पाडायचे, याचा नुसता विचार करून पाहा.

या कसबाची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असली पाहिजे. अकीक घासताना सिलिकेची अत्यंत बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस नावाचा रोग जडतो. तो बरा करणारे औषध नाही. खंबायतच्या अकीक-कामगारांत तो पुष्कळ आढळला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने या कामगारांची पाहणी केली, धूळ ओढून घेणारी यंत्रेही सुचविली. दगडावर पाणी धरून घासले तरी धूळ बरीच कमी होते. पण घराच्या ओसरीवर चाक फिरवणाऱ्या माणसाला कामाची मजुरी नगावर मिळत असली, तर यंत्राचा खर्च आणि कामाचा वेग यांचा हिशेब त्याच्यापुरता निराळाच होतो. बाजारातला स्वस्त, गुळगुळीत, चकचकीत मणी हाती घेताना हे आठवावे असे मला वाटते. सौंदर्य पाहायला दगड चकचकीतच हवा असे काही नाही.

ते कसे, हे एका साध्या प्रयोगाने कळेल. नदीतला एखादा फिकट, खरखरीत गोटा पाण्यात बुडवा. क्षणात त्याचे रंग गडद होतात, पट्टे दिसू लागतात. पाण्याने दगडाला रंग दिला काय? नाही. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग ओबडधोबड असल्यामुळे त्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरूनच चहूकडे विखुरतो. हा पांढरा प्रकाश आतल्या रंगावर पडद्यासारखा पसरतो. गारगोटीचा अपवर्तनांक सुमारे १.५४ आणि हवेचा १, म्हणून या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे साडेचार टक्के परत फिरतो. हवेच्या जागी १.३३ अपवर्तनांकाचे पाणी आले की हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर येते. पडदा दूर होतो. सूत्र तुमच्यापैकी वरच्या वर्गातल्या मुलांना येत असेल, त्यांनी आकडे ताडून पाहावेत. मण्याला झिलई करून कारागीर जे साधतो, ते पाहण्यापुरते ओंजळभर पाण्यानेही साधते.

अकिकाचा एक प्रकार मात्र भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला विशेष प्रिय असावा असा आहे. त्याला इंद्रधनुषी अकीक म्हणू. सामान्य प्रकाशात तो साधाच दिसतो, करडा, बारीक पट्ट्यांचा. पण त्याची दोनतीन मिलिमीटर जाडीची चकती कापून, दोन्ही बाजू घासून, तिच्यातून दूरच्या एखाद्या दिव्याकडे पाहिले की दिव्याच्या दोन्ही अंगांना लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचे पट्टे उमटतात. दगडात त्या रंगाचा कणही नसतो. चकती बाजूला केली की रंग गेले.

हे रंग विवर्तनाचे. प्रयोगशाळेत आपण विवर्तन-जालक वापरतो, म्हणजे समान अंतरावर बारीक रेघा मारलेली काच. या अकिकात निसर्गाने तशाच रेघा मारलेल्या असतात. समजा एका मिलिमीटरात २५० पट्टे आहेत. म्हणजे दोन पट्ट्यांतील अंतर ४ मायक्रोमीटर. तरंगलांबीला या अंतराने भागले की कोनाची ज्या, म्हणजे साइन, मिळते. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रोमीटर धरली तर कोन येतो सुमारे ९.४ अंश, निळ्याची ०.४५ धरली तर सुमारे ६.५ अंश. म्हणून निळा रंग दिव्याच्या जवळ आणि लाल दूर. उलट बाजूने, दगडातून दिसणारा कोन मोजून पट्ट्यांमधले अंतरही काढता येईल, सूक्ष्मदर्शकाशिवाय! घरात जुनी सीडी पडली असेल तर तिच्यावर दिसणारे रंगही याच नियमाने होतात. तिच्यातल्या रेषा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणून तिचे रंग अधिक फाकलेले दिसतात.

या दगडांनी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना वेड लावले होते. नोबेल पारितोषिक मिळून वीसपंचवीस वर्षे झाल्यावर, बंगलोरच्या आपल्या संस्थेत, ते हौसेने खनिजे, रत्ने आणि शिंपले जमवीत. तो संग्रह त्या संस्थेत जपून ठेवलेला आहे. १९५३ मध्ये त्यांनी आपले सहकारी ए. जयरामन यांच्याबरोबर इंद्रधनुषी अकिकावर शोधनिबंध लिहिला आणि त्याच वर्षी ओपल या रत्नावरही. ओपल म्हणजे पाणी धरून ठेवलेली सिलिका. उत्तम ओपल किंचित फिरवला की त्यात लाल, हिरवे, निळे अंगार पेटल्यासारखे दिसतात. रामन यांनी असे मांडले की ओपलमध्ये सिलिकेच्या दोन रूपांचे अतिशय पातळ थर एकाआड एक असावेत आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून हे रंग निर्माण होत असावेत.

तर्क उत्तम होता. परंतु १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील जोन्स, सँडर्स आणि सेग्निट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला आणि निराळेच दृश्य दिसले. सिलिकेचे चिमुकले, सारख्या आकाराचे गोल, फळवाल्याने संत्री रचावीत तसे एकावर एक रचलेले! गोलांचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळणाऱ्या या रचनेवर विवर्तन होऊन रंग दिसतात. गोल मोठे असले तरच लाल रंग मिळतो आणि मोठे गोल सारख्या आकाराचे जमणे दुर्मीळ, म्हणून लाल झळाळीचा ओपल महाग. रामन यांचे थर नव्हते, गोल होते. मात्र रंग द्रव्याचा नसून रचनेचा आहे, हा त्यांचा मूळ विचार पक्का ठरला. थर की गोल, हे ठरवायला लागणारे साधन त्यांच्या हाती नव्हते.

पुन्हा आपल्या बेसाल्टकडे येऊ. पोकळीच्या मध्यभागी वाढणारे स्फटिक अकिकाहून नाजूक असतात. त्यांतील मोठे कुटुंब झिओलाइटांचे. हे नाव १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उकळणारा दगड. त्याने स्फटिक फुंकनळीच्या ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसला. याचे कारण असे की सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी बांधलेल्या त्याच्या सांगाड्यात रेणूएवढ्या मापाच्या खोल्या आणि बोळ असतात आणि त्यांत पाणी भरलेले असते. पाणी गेले तरी पुष्कळ झिओलाइटांचा सांगाडा उभा राहतो. रिकाम्या खोल्यांत दुसरे रेणू येऊन राहू शकतात. २०२०-२१ च्या कोविडच्या साथीत घरोघरी प्राणवायू वेगळा काढणारी जी यंत्रे आणली गेली, त्यांतही कृत्रिम झिओलाइटच होते. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देते. खडीतल्या त्या पांढऱ्या ठिपक्याचे हे नाते ध्यानात ठेवा.

स्टिलबाइट हे यांतले वारंवार सापडणारे खनिज. फिकट गुलाबी किंवा पांढरे, आणि स्फटिकांची जुडी मध्यभागी बांधलेल्या पेंढीसारखी दोन्ही टोकांना फुललेली. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूतून कारंज्यासारख्या बाहेर पडतात. यांच्या शेजारी, पण झिओलाइटांच्या कुटुंबात न मोडणारे, अपोफिलाइट असते. त्याचे स्फटिक घनाकृती किंवा टोकदार, पाण्यासारखे स्वच्छ, आणि पुण्याच्या पाषाण टेकडीवरच्या खाणीतले तर सुरेख हिरवे. ही हिरवाई व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येते. स्फटिकाच्या बाजू काचेसारख्या चमकतात, पण माथ्यावरची चमक मोत्यासारखी, दुधाळ असते. एकाच स्फटिकाला दोन तऱ्हेची चमक कशी? माथ्याला समांतर असे पापुद्रे त्यात सहज सुटतात. पृष्ठभागाखाली थोडेथोडे सुटलेले हे पापुद्रे एकामागून एक प्रकाश परतवतात. सूक्ष्मदर्शकाच्या वीसपंचवीस स्वच्छ काचपट्ट्या एकावर एक ठेवून तिरप्या नजरेने पाहा. एक काच पारदर्शक दिसते, गठ्ठा रुपेरी दिसतो.

ओकेनाइट पाहिल्यावर तर कोणालाही वाटावे की कोणीतरी गंमत म्हणून कापसाचे बोळे दगडात चिकटवले आहेत. ते कापसासारखे पांढरेशुभ्र आणि मऊ दिसणारे गोळे म्हणजे केसासारख्या बारीक स्फटिकांचे पुंजके. एकटा तंतू पाहिला तर पारदर्शक. पुष्कळ तंतूंनी मिळून सर्व रंग सारखेच विखुरले की पांढरे दिसते. कापूस पांढरा, बर्फाचा चुरा पांढरा, पिठीसाखर पांढरी, त्या साऱ्यांचे हेच कारण. त्याला बोट मात्र लावू नये. तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.

आणि कॅव्हान्साइट! काळ्या किंवा फिकट खडकावर मोरपिशी निळ्या रंगाचे, वाटाण्याएवढे फुललेले गोळे. याची नोंद प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या खडकांतून झाली. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांची अक्षरे जोडून त्याचे नाव बनले आहे. तिकडे ते अगदी बारीक मिळाले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत असे काही मिळाले की जगातल्या संग्राहकांचे डोळे तिकडे वळले. अपोफिलाइटला हिरवे करणारे व्हॅनेडियमच येथे निळा रंग देते. धातू एकच, पण त्याच्या अणूभोवती शेजारी कोण, किती आणि कसे बसले आहेत यावर त्याने कोणता प्रकाश शोषायचा ते ठरते.

ज्या खाणींतून हे सारे येते त्या खनिज-नमुन्यांच्या खाणी नव्हेत. त्या खडीच्या खाणी आहेत. तेथे सुरुंग लावतात ते रस्त्यासाठी आणि इमारतीच्या काँक्रीटसाठी. पोकळी उघडी पडली, कोणा जाणत्या कामगाराच्या नजरेस आली आणि त्याने काळजीपूर्वक ती सोडवली, तर नमुना वाचतो. नाही तर पुढचा मुक्काम क्रशर. म्हणजे खाणी नसत्या तर हे स्फटिक आपल्याला दिसलेच नसते आणि खाणी आहेत म्हणून बहुतेक चुरडून जातात. या कोड्याला सोपे उत्तर नाही. पण ते वाचवणारा माणूस पुष्कळदा शिकलेला भूशास्त्रज्ञ नसतो, ओळखायला शिकलेली एक नजर असते, एवढे मी अनेक खाणींवर पाहिले आहे. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. तेथे सहल काढता आली तर शिक्षकांनी जरूर काढावी. चित्रातला ओकेनाइट आणि समोरचा ओकेनाइट यांत फार अंतर आहे.

स्वतः दगड गोळा करायचे असतील तर नदीचे पात्र, शेताचा बांध आणि खडीचा ढीग तुमच्यासाठी पुरेसे आहेत. चालू खाणीत मोठ्या माणसांशिवाय आणि परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. लेण्यांच्या भिंतींतही हे ठिपके दिसतील. तेथे डोळ्यांनीच पाहायचे, हातोडी सोडाच, नखही लावायचे नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे. पांढऱ्या खनिजावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे आले तर ते बहुधा कॅल्साइट, काचेवर ओरखडा उठवला तर अकीक किंवा गारगोटी, दोन्ही नाही तर झिओलाइटचा संशय घ्यावा. बाजारातला भडक निळा, गुलाबी किंवा जांभळा अकीक मात्र रंगवलेला समजावा. अकिकाचे काही पट्टे सच्छिद्र असतात आणि रंग पितात. जर्मनीतील ईडार-ओबरस्टाईन गावचे कारागीर दगड साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात टाकतात, साखरेचा कोळसा होतो आणि पट्टे काळे पडतात. युक्ती नामी आहे, पण रंग निसर्गाचा म्हणून विकत घेऊ नये. आणि अकीक कोणत्या ग्रहाचा खडा, असे मला अधूनमधून विचारतात. तो पृथ्वी या ग्रहाचा.

काही अकिकांत झाडाझुडपांची चित्रे दिसतात. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातील केन नदीचे असे दगड 'शजर' म्हणून प्रसिद्ध आहेत. शजर म्हणजे झाड. त्यात झाडाचा अंशही नसतो, मँगनीज आणि लोह यांची ऑक्साइडे फांद्यांसारखी वाढलेली असतात. पुढे आलेल्या टोकाला नवे कण आधी मिळतात, म्हणून ते आणखी पुढे जाते आणि मागच्या खळग्यांची उपासमार होते. फांद्या फुटतात त्या अशा.

एक प्रश्न शेवटी ठेवला आहे. अकिकाला पट्टे का पडतात? नदीकाठी कोणालाही सापडणाऱ्या या दगडाबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. काहींच्या मते सिलिकेचे पाणी पुन्हा पुन्हा येत गेले आणि प्रत्येक खेपेला एक थर बसला. दुसऱ्यांच्या मते पोकळी एकदाच सिलिकेच्या लगद्याने भरली आणि पट्टे आतल्या आत, आपोआप पडले. दुसऱ्या मताला जोर आला तो १८९६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीझेगांग याच्या प्रयोगाने. जिलेटीनच्या थरात एक द्रावण दुसऱ्यात हळूहळू पसरू दिले, तर त्यांचा अवक्षेप सलग न बसता वर्तुळांच्या रूपाने बसतो, असे त्याने दाखवले. पुढे १९१५ मध्ये त्याने अकिकावर एक पुस्तकच लिहिले.

हा प्रयोग शाळेत करता येईल. १०० मिलिलिटर गरम पाण्यात ५ ग्रॅम जिलेटीन आणि ५ ग्रॅम एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवा. परीक्षानळी दोन-तृतीयांश भरा आणि थंड जागी रात्रभर गोठू द्या. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी स्वतः, हवेशीर जागी आणि डोळे सांभाळून, तिच्यावर तीव्र अमोनियाचे द्रावण दोनतीन सेंटिमीटर ओतावे आणि नळीला घट्ट बूच लावावे. अमोनिया खाली झिरपू लागतो आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा अवक्षेप तयार होतो. काही दिवसांत तो आडव्या चकत्यांच्या रूपाने दिसू लागेल. नळी हलवू नका.

आता मोजपट्टी घ्या. जिलेटीनच्या माथ्यापासून प्रत्येक चकतीचे अंतर मोजा आणि दरेक अंतराला त्याच्या आधीच्या अंतराने भागा. हा भागाकार जवळजवळ सारखा येतो, म्हणजे चकत्या ठराविक प्रमाणात विरळ होत जातात. मग कापलेल्या अकिकाचा स्पष्ट छायाचित्र काढलेला छेद घ्या, भिंतीपासून आत त्याचे पट्टे असेच मोजा आणि तोच भागाकार करा. अनेक अकिकांत तो नियम जुळत नाही, काही भागांत जुळतो असे वाटते. एका दगडावरून काही ठरणार नाही. दहा दगड मोजा, आकडे वहीत लिहा, आणि वर्गातल्या दुसऱ्या गटाला तेच दगड पुन्हा मोजायला द्या.